दुसरी चाबी

आमच्या घरात किल्ली हा शब्द नाही. कपाटाची असो, कुलपाची असो की गाडीची, ती चाबीच. पुण्याचा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा ह्यांनी त्याच्यापुढे गाडीची चाबी धरली आणि म्हणाले, "गाडी आत लावजा." जावई गोंधळला. लावायची की जायचं, ते त्याला कळेना. मग मुलीनं त्याला समजावलं, की आमच्या वऱ्हाडात अशी दोन रूपं असतात. ज्याला तू म्हणायचं त्याला 'जो', ज्याला तुम्ही म्हणायचं त्याला 'जा'. घरच्याला येजो, पाहुण्याला येजा. तेव्हापासून जावई प्रत्येक फोनच्या शेवटी मला "बरं आई, येजा" म्हणतो आणि स्वतःच हसतो. मीही हसते, नाही तर त्याला वाईट वाटेल.

मला ह्यांनी आयुष्यभर 'ठेवजो' म्हटलं. कचेरीतून आले, की चपला काढायच्या आधी खिशातून चाबी काढायची, मी जिथे असेन तिथवर येऊन माझ्या हातात टाकायची आणि म्हणायचं, "ठेवजो." आधी स्कूटरची होती, निवृत्तीनंतर गाडीची. दाराजवळ भिंतीत खिळा होता, नुसता हात लांब केला असता तरी पोचला असता. पण नाही. माझे हात पिठात असले तर मी पदर पुढे करायची. ह्या माणसाच्या तोंडून कौतुकाचा शब्द मी कधी ऐकला नाही. भाजी चांगली झाली तर म्हणायचे, "आज मीठ बरोबर हाये." त्यामुळे माझ्या वाट्याला जे काही आलं ते त्या ठेवजोतच होतं, असं मी समजून चालले.

गाडी अकोल्याहून घेतलेली, सेकंड हँड. पहिल्या मालकानं एकच चाबी दिली. दुसरी सापडली की पाठवतो म्हणाला, ती त्याला अजून सापडतेच आहे. मी ह्यांच्या मागे लागायची, की एक दुसरी बनवून घ्या, हरवली तर पंचाईत होईल. तर म्हणायचे, "हरवन काहून? तुह्यापाशी तर असते." विषय संपला. त्याच वर्षी त्यांनी मला गाडी शिकवली. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचे आणि बाजूला बसून ओरडायचे, "हळू सोड क्लच. चूल नाही फुकून राहिली तू." मी एकदा गाडी रस्त्यातच सोडून पायी चालू लागले होते. मागून हळूहळू गाडी आणत, खिडकीतून डोकं बाहेर काढून, ते मला बसायची विनंती करत होते. ती विनंती फारच रागीट आवाजात होती, पण होती विनंतीच.

मग ते विसरू लागले. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं. ते नाव मी पाठ केलं आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. आधी चष्मा, मग भावांची नावं, मग आज जेवण झालं की नाही. आणि ह्या सगळ्यात चाबी माझ्या हातात पडायची थांबली. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागली. झोपतानाही सदरा काढत नसत. एवढं मोठं काहीतरी बंद पडलं आणि ते माझ्या लक्षातही यायला बरेच दिवस लागले, कारण घरात तेव्हा रोजच काही ना काही बंद पडत होतं.

दुपारी चहा झाला की उठायचे. "बार्शीटाकयीले जाऊन येतो. बैल बांधाचे हायेत." बार्शीटाकळी त्यांचं गाव. तिथली शेती भावांच्या वाट्याला गेली, बैल तर कधीच विकले. मी दारात आडवी उभी राहायची, काही तरी बोलून विषय बदलायची. कधी जमायचं. ज्या दिवशी जमलं नाही, त्या दिवशी ते गाडी घेऊन निघाले आणि राजापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी भाजीवाली बसते, तिच्या भाजीवर गाडी घातली.

ती चांदूर रेल्वेकडची. घरच्या वाडीतली भाजी घेऊन सकाळच्या गाडीनं येते. मी धावत पोचले तेव्हा ती उभी होती, लुगड्याला चिखल, आणि पुढच्या चाकाखाली मेथीच्या जुड्या. हे स्टिअरिंग धरून बसलेले, चेहरा अगदी शांत. शिकवणीला जाणारी पोरं दुचाक्या थांबवून बघत होती. मी तिचे हात धरले, लागलं का विचारलं. ती मला वर्षानुवर्षं ओळखते. तिनं आरडाओरडा केला नाही.

"बाई, मले काही नाही झालं," ती म्हणाली. "पन त्याहिची चाबी काढून घ्या तुमी. आज मेथीवर गेली, उद्या माह्या आंगावर जाईन. माह्या बाजूले माही नात झोपलेली राह्यते."

मी बघितलं. ओट्यापाशी पोत्यावर ती तान्ही नात खरंच झोपलेली होती. एवढ्या गोंधळात जागीसुद्धा झाली नव्हती. तिथल्या तिथे, चिखलात, मी खाली बसले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हा माणूस कुणाला तरी मारणार आणि मी दारात उभी राहून बघणार.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, चाबी लपवून ठेव ना." फोनवर सगळं सोपं असतं. मी लपवली होती एकदा. त्यांनी अख्खं घर उपसलं, गाद्या फाडल्या, शेवटी भिंतीवर डोकं आपटू लागले, तेव्हा मीच ती पलंगाखालून सापडल्यासारखी काढून दिली. मुलगी म्हणाली, मग गाडी विकून टाक. तेही मी बघितलं होतं. गॅरेजवाल्यानं गाडी दुरुस्तीला ओढून नेली होती त्या काळात हे गल्लीत फिरून लोकांच्या गाड्यांना आपली चाबी लावून बघत होते. एका घरच्या तरुण मुलानं त्यांची कॉलर धरली. मी मध्ये पडले. त्या मुलाला बिचाऱ्याला काय माहीत. पण ह्यांची कॉलर कुणी धरावी आणि ह्यांनी त्याच्याकडे लहान मुलासारखं बघावं, ते मी पाहिलं, आणि गाडी काही विकायची नाही असं ठरवलं. गाडी दारात पाहिजे आणि चाबी खिशात पाहिजे. फक्त गाडी सुरू व्हायला नको. एवढंच मला हवं होतं.

आधी मी बाजारातून तशीच दिसणारी एक साधी चाबी करून आणली आणि ते अंघोळीला गेले असताना बदलली. बाहेर येऊन त्यांनी खिशात हात घातला आणि तिथेच ती फेकली. "ही माही नोय." मुलीचं नाव आठवत नव्हतं, पण बोटांना चाबी आठवत होती. मला राग आला. खोटं कशाला सांगू, चाबीचा हेवा वाटला मला.

ज्यानं ती साधी चाबी घासून दिली होती तोच म्हणाला, "काकू, ह्या गाडीच्या चाबीत चिप राह्यते. तिचं काम मशीनवर होते. मशीनवाला अकोल्यात हाये, त्याले भेटा."

अकोल्याला जायचं तर गाडी न्यावी लागणार, आणि ह्यांना घेऊनच जावं लागणार. डॉक्टरकडे नेताना मी एक युक्ती शोधली होती, तीच वापरली. गाडी तेच सुरू करायचे. मग मी म्हणायची, "अहो, मागच्या चाकात हवा कमी दिसते." ते उतरून चारी चाकांना लाथ मारत फिरायचे, तेवढ्यात मी स्टिअरिंगवर बसायची. फिरून येईपर्यंत आपण गाडी चालवणार होतो हे विसरलेले असायचे आणि निमूट डाव्या बाजूला बसायचे. माझं सगळं कौशल्य आता ह्यांच्या विसरण्यावर चालत होतं. बडनेऱ्याच्या पुढे गेलो तसे ते खुशीत आले. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती. "बोंडं चांगले हायेत अवंदा," ते म्हणाले. मूर्तिजापूरपर्यंत ते अगदी जुन्यासारखे होते, आणि मला वाटून गेलं की परत फिरावं, काही बनवायला नको, हे बरे होताहेत. असं मला महिन्यातून एकदा तरी वाटतं. त्याचा आता मला कंटाळा आला आहे.

दुकान म्हणजे एक टिनाची टपरी. मशीनवाला बोलका, सारखा फोनवर. एक फोन खांद्यात दाबून त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, दार उघडून आत वाकला, आणि मला म्हणाला, "काकू, जितक्या चाब्या असन तितक्या समोर ठेवजा. मशीन लावली का गाडी आंधीचं सगळं विसरते. मंग जी चाबी लावली, तेवढीच ध्यानात ठेवते. एखादी घरी राह्यली असन त ती गेली कामातून."

मी विचारलं, गेली म्हणजे काय होतं.

"दार उघडन. फिरन बी. पन गाडी चालू नाही होनार. चाबी तीच, पन गाडी तिले वयखत नाही."

ओळखत नाही. हा शब्द मी त्या वर्षात एवढ्या वेळा ऐकला होता, डॉक्टरांच्या तोंडून, मुलीच्या तोंडून, 'ओळखतात ना अजून?', की आता तो गाडीच्या बाबतीत ऐकून मला हसू आलं. मशीनवाल्यानं चमकून बघितलं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की नवी चाबी माझ्यासाठी कर, आणि जुनी गाडीला विसरायला लाव. जुनी त्यांच्या खिशातच राहू दे.

त्यानं खांद्यातला फोन बंद करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "मालकाले विचारा लागते. कागदावर नाव त्याहिचं हाये. उद्या लफडं नको मले."

मला वाटलं, संपलं. आता हे बिथरणार. पण मशीनवाला त्यांच्यापाशी गेला आणि सरळ विचारलं, "काकाजी, गाडी तुमचीच हाये ना? दुसरी चाबी बनवू?"

हे खुर्चीवर ताठ बसले. कुणी तरी किती तरी दिवसांनी त्यांना विचारून काही करत होतं.

"बनव," ते म्हणाले. "हिच्यासाठी पायजे. किती दिवसाची मांगून राहिली, माह्या ध्यानातच नाही राहिलं. हिले येते गाडी. म्याच शिकवली." आणि खिशातून चाबी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. जी चाबी काढून घेण्यासाठी मी घरात जंग जंग पछाडलं होतं, ती त्यांनी आपण होऊन दिली, माझ्यासाठी म्हणून. मी टपरीच्या मागे गेले. तिथे जुन्या बॅटऱ्यांचा ढीग होता. तिथे उभी राहून मी पदर तोंडात कोंबला. मला तेव्हा ह्यांची दया आली नाही. माझीच किळस आली, आणि ती किळस येऊनही मी जाऊन त्या माणसाला थांबवलं नाही, कारण भाजीवालीची नात पोत्यावर झोपलेली मला दिसत होती.

काम व्हायला वेळ लागला. तोवर हे बाजूला उभे राहून नवी चाबी घासताना उडणारा चुरा बघत होते. जुनी परत मिळाल्यावर त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि खिशात ठेवली. नवी मशीनवाल्यानं माझ्या हातात दिली. "घ्या काकू. आता गाडी तुमची." तो साधंच बोलला असेल. येताना गाडी मी सुरू केली. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही. थोडं पुढे आल्यावर म्हणाले, "बार्शीटाकयी मांगं राह्यली काय?" मी म्हटलं, "हो, मागं राहिली."

नवी चाबी मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी चहा झाला, हे उठले, गाडीत जाऊन बसले. मी खिडकीत उभी होते. चाबी फिरली, गाडी नुसती गुरगुरली आणि गप्प झाली. परत फिरवली. परत. मला वाटलं होतं माझा जीव भांड्यात पडेल. लोक वाचले, हे वाचले, आता मी शांत झोपेन. तसं काही झालं नाही.

मग रोजच ते होऊ लागलं. पहिले काही दिवस ते बॅटरीला शिव्या देत. मग पेट्रोलवाल्याला. ज्यानं गाडी विकली त्या अकोल्याच्या माणसाला. बॉनेट उघडून वाकून बघत, हात काळे करून आत येत. मी पाणी तापवून त्यांचे हात साबणानं धुऊन द्यायची. तोवर सगळं चाललं. चिडलेला माणूस मला ओळखीचा होता, त्याच्याबरोबर मी संसार केला होता. पण हळूहळू शिव्या संपल्या. चाबी फिरवायचे आणि नुसते बसायचे. एकदा मी डॉक्टरकडे न्यायला गाडी सुरू केली, तर कानोसा घेऊन म्हणाले, "तुह्या हातानं होते चालू. मले वयखत नाही ते." आणि एकदा, संध्याकाळी, जेवताना मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "मले गाडी येत होती ना वं? का म्या नुसतं म्हनत होतो?"

मी म्हटलं, "येत होती. तुमीच मले शिकवली."

"मंग आता काहून नाही येत?"

ह्याचं उत्तर माझ्या डाळीच्या डब्यात होतं. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, तू योग्यच केलंस. भाजीवालीही म्हणाली, बरं झालं. आता ती त्यांना बघून हाक मारते, "काय भाऊ, बरं हाये ना?" आणि हे मान हलवतात. सगळ्यांचं बरं झालं. एका माणसाला मात्र रोज दुपारी समजत होतं, की आपल्याला काही येत नाही. रोज नव्यानं समजत होतं, कारण कालचं आठवत नव्हतं. विसरणं हा आजार आहे म्हणतात, मग एवढं एक दुःखच कसं रोज ताजं राहतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी त्यालाही एखादं नाव सांगितलं असतं.

पावसाळा संपून थंडी पडायला लागली होती. दुपारची वेळ. मी ओसरीत मेथी निवडत बसले होते. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग गुरगुर, एकदाच. नेहमी बराच वेळ चालायचं, त्या दिवशी एकदाच. दार लागलं. हे फाटकातून आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. चपला काढल्या नव्हत्या. खिशात हात घातला, चाबी काढली, आणि माझ्यापुढे धरली.

माझे हात मातीचे होते. मी काही विचार न करता पदर पुढे केला. इतक्या दिवसांनी. त्यांनी चाबी पदरात टाकली नाही. वाकून, जपून, माझ्या बाजूला सतरंजीवर ठेवली.

"ठेवजा," ते म्हणाले.

मी वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर थोडा संकोच होता, परक्याच्या घरी आल्यावर असतो तसा.

"माही बायको आली का तिले देजा, बाई," ते म्हणाले. "तिले येते गाडी. मले काही जमून नाही राहिलं."

पदर तसाच पुढे धरून मी बसले होते. तो मागे घ्यायला हवा, एवढंसुद्धा मला सुचत नव्हतं. ते उत्तरासाठी थांबले होते. "देईन," मी म्हटलं. माझा आवाज बरोबर निघाला.

"भुलू नोका," ते म्हणाले. "इकडंच कुठीतरी गेली असन. येईन आता."

मग ते उंबऱ्यावर जाऊन बसले, गल्लीकडे तोंड करून. मी मेथी निवडायला घेतली, कारण दुसरं काय करायचं असतं ते मला आठवेना. उन्हं उतरेपर्यंत ते तिथेच बसून माझी वाट बघत होते.